पाचवा बुरूज

आमच्या घरमालकांच्या मते जगात तीनच प्रकारच्या गोष्टी होत्या: तीन बुरुजांच्या, चार बुरुजांच्या आणि पाच बुरुजांच्या. त्यात माणसं आली, टोमॅटो आले, डॉक्टर आले आणि आम्ही भाडेकरूही आलो. समोरच्या घरातल्या बाई दिवसभर कुत्र्याशी हुज्जत घालायच्या, त्यांना तीन. पोस्टमनला चार, कारण बर्फ असो की ऊन, तो फाटक आठवणीने लावून जायचा. पाच बुरूज शक्यतो कुणाला मिळत नसत आणि मिळालेच तर ती शिवी असे. माझी रूममेट प्राची पीएचडी करते हे कळल्यावर त्यांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "पाच बुरूज. आत राहायला कुणी नाही."

प्राची नागपूरची. तिने माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "यानं मला शिवी देली का यार?"

"बहुतेक."

"मंग इथंच राहू. माणूस खरा दिसते."

अशा रीतीने पिस्कॅटवेमधल्या त्या जुन्या दुमजली घरात आमचं बस्तान बसलं. खाली ते एकटे, वर आम्ही दोघी. ते मूळचे पोर्तुगालच्या डोंगराळ भागातल्या एका लहानशा गावचे. तरुणपणी इकडे आले आणि जन्मभर न्यू जर्सीत गवंडीकाम करून निवृत्त झाले. बायको वारली होती, मुलगी टेक्सासला होती. सोबतीला उरला होता एक झेंडा.

आमच्या गल्लीत लोक घरासमोर अमेरिकेचा झेंडा लावायचे, कुणी फुटबॉल टीमचा लावायचं. आमचे घरमालक लावायचे नगरपालिकेचा. होय, त्यांच्या गावच्या नगरपालिकेचा. मी वसईची. आमच्या नगरपालिकेला झेंडा होता की नव्हता हे मला आजतागायत माहीत नाही. कचऱ्याची गाडी होती एवढं नक्की आठवतं. पण पोर्तुगालमध्ये म्हणे प्रत्येक गावाला स्वतःचा झेंडा असतो आणि त्यावर स्वतःचं चिन्ह. त्यांच्या झेंड्याचे चार चौकोन होते, दोन पिवळे, दोन हिरवे. मधोमध ढाल. ढालीवर चेस्टनटचं झाड, झाडाखाली आडवी चावी, तळाला नदी म्हणून वळणदार रेघा. खाली फितीवर गावाचं नाव. आणि ढालीच्या डोक्यावर, मुकुटासारखी, रुपेरी तटबंदी. तिला चार बुरूज.

बुरुजांचा हिशेब त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात अंगणात उभं करून शिकवला. खेड्याला तीन, नगराला चार, शहराला पाच. शहर झालं की झेंडासुद्धा बदलतो, चौकोन जातात आणि संत्र्यासारख्या आठ फाकी येतात. "तुमच्या गावात खरंच चार बुरूज आहेत?" मी विचारलं.

"एकही नाही," ते म्हणाले. "चर्चचा एक मनोरा आहे, तोही कलला आहे."

त्या दिवसापासून प्राची त्यांना किल्लेदार म्हणू लागली. त्यांनी अर्थ विचारला. तिने सांगितला. त्यानंतर दोन दिवस ते शर्टाला इस्त्री करून हिंडत होते.

इस्त्रीवरून आठवलं. आमची आणि त्यांची खरी जुंपली ती शब्दांवरून. घरात पाऊल टाकलं त्या दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा पुढे धरला आणि "शाव" असं काहीसं पुटपुटले. मी सवयीने प्राचीला म्हटलं, "चावी घे गं." किल्लेदारांनी जुडगा मागे घेतला.

"काय म्हणालीस?"

"चावी."

"हा आमचा शब्द आहे."

मी म्हटलं, आमचाच आहे, आमच्या आजीपासून चालत आलाय. तेव्हापासून त्यांनी जिन्याखाली कान लावून बसायला सुरुवात केली. आमच्या तोंडून इस्त्री, बादली, परात, कोबी, पाव, बटाटा, पगार असं काही निसटलं की खालून आवाज यायचा, "तोही आमचा!" पिंप निघालं तेव्हा ते चक्क जिना चढून वर आले. "मिनिना," ते आम्हा दोघींनाही मिनिना म्हणजे पोरी म्हणत, "तुम्ही आमचं अख्खं स्वयंपाकघर पळवलंत. हे झालं कसं?"

मला राग पटकन येतो आणि आला की मला इतिहास आठवतो. मी म्हटलं, "पळवलं नाही. तुमचे लोक आमच्या वसईत राहत होते. समुद्राकाठी मोठा किल्ला होता. मराठ्यांनी वेढा घातला, किल्ला घेतला. तुमचे लोक बोटीत बसून गेले, सामान राहिलं."

"जो गडबडीत जाते त्याचं राहतेच थोडंबहुत," प्राचीने तिच्या नागपुरी इंग्रजीत भर घातली.

किल्लेदारांनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, "बुरूज किती होते?"

"पुष्कळ. चारांपेक्षा जास्तच."

हे त्यांना लागलं. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण मी थांबणाऱ्यांतली नाही. मी सांगितलं की चर्चमधल्या घंटासुद्धा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि त्या अजून आमच्या देवळांत टांगलेल्या आहेत, लोक येता-जाता वाजवतात.

"घंटासुद्धा?" असं म्हणून ते खाली गेले आणि पुढचे दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दाराला आतून एक शेळीच्या गळ्यातली घंटा बांधलेली दिसली. दार उघडलं की ती खणकायची. "ही माझ्या आईच्या शेळीची," त्यांनी आम्हाला बजावलं. "माझं लक्ष आहे."

एरवी माणूस शिस्तीचा. सकाळी दाढी करून झेंडा चढवायचे, संध्याकाळी उतरवून टेबलक्लॉथसारखी घडी घालायचे. बागेत कोबी लावायचे आणि आमच्या दाराशी गड्डा ठेवून जायचे, न विचारता. आमच्या आमटीच्या फोडणीने त्यांना शिंका यायच्या. शिंकत शिंकत "चार बुरूज!" असं ओरडायचे. प्राचीचा गाइड तिला छळायचा तेव्हा तिने त्यांच्याकडूनच धडा घेतला. लॅबमधून आली की बॅग फेकून म्हणायची, "तीन बुरूज! तेही पडके!" आणि खालून किल्लेदार तिच्या गाइडला पोर्तुगीजमध्ये काहीतरी सणसणीत ऐकवायचे. ते शब्द मात्र आमच्या भाषेत आलेले नाहीत.

किल्ल्यावर संकट आलं ते मे महिन्यात.

दरवर्षी जूनमध्ये पलीकडच्या गावात पोर्तुगीज मंडळींची परेड निघायची. त्यांच्या गावाकडून आलेल्या लोकांचा एक क्लब होता आणि क्लबच्या सगळ्यात पुढे, कित्येक वर्षं, झेंडा घेऊन आमचे किल्लेदार चालायचे. एके दिवशी मी लाँड्रीची बास्केट घेऊन पायऱ्यांवर बसले होते, तेव्हा क्लबचे प्रेसिडेंट आले. हा चाळिशीचा माणूस, बेकरीवाला, इथेच जन्मलेला. पोर्तुगीजमध्ये सुरुवात करायचा आणि चौथ्या वाक्याला इंग्रजीत घसरायचा, त्यामुळे मला सगळं कळलं. तो किल्लेदारांना तिओ म्हणायचा. तिओ म्हणजे आपलं काका.

त्याने खोक्यातून नवा कोरा झेंडा काढला. पिवळ्या-हिरव्या आठ फाकी. वर पाच बुरूज. गावाला मागेच शहराचा दर्जा मिळाला होता. यंदा तिथल्या मेयरबाई स्वतः परेडला येणार होत्या, म्हणून हा झेंडा मागवला होता.

"तिओ, प्रमोशन आहे हे! खूश व्हायचं सोडून तोंड काय पाडताय?"

"प्रमोशन काम केल्यावर मिळतं," किल्लेदार म्हणाले. "शाळा बंद झाली. बस बंद झाली. आम्ही तिघं भाऊ होतो, गल्लीत पोरांचा नुसता कालवा असायचा, तेव्हा चार बुरूज. आता त्या गल्लीत एक म्हातारी आणि तिचं मांजर. आणि म्हणे पाच! सगळे निघून गेल्यावर शहर झालं? मी गवंडी आहे, मला सांग, हा पाचवा बुरूज बांधला कुणी? चुना कुणी कालवला?"

प्रेसिडेंटने मान हलवली. माणूस वाईट नव्हता, पण परेड त्याच्या गळ्यात होती. "तिओ, नवा झेंडा घेतलात तर तुम्ही पुढे. जुनाच हवा असेल तर सगळ्यात मागे चाला, मी अडवणार नाही. पण ह्या चिंध्या घेऊन नाही. मेयरसमोर फाटका झेंडा मी येऊ देणार नाही."

चिंध्या हे खरंच होतं. वाऱ्याने झेंड्याची कड उसवली होती. नदी जवळजवळ आटली होती आणि शेवटचा बुरूज अर्धा उडाला होता. लांबून पाहणाऱ्याला साडेतीन वाटायचे. प्रेसिडेंट गेल्यावर किल्लेदार तो झेंडा मांडीवर घेऊन पायरीवर बसले. त्यांनी आमच्यासमोर कधी तोंड पाडलं नव्हतं, त्या दिवशी पाडलं. "मी निघालो तेव्हा ते माझं गाव होतं," ते म्हणाले. "आता पाच बुरुजांत मला माझं दार सापडायचं नाही." मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी नको त्या गोष्टी अंगावर घेते. मी म्हटलं, "झेंडा आम्ही करून आणतो."

ऑनलाइन मागवायला गेलं तर सगळीकडे नवाच झेंडा. पोर्तुगीज दुकानदारांना प्रेसिडेंटशी वाकडं घ्यायचं नव्हतं. मग राहिलं आपलं देशी दुकानांचं आयसेलिन. ओक ट्री रोडवर एका साडीच्या दुकानामागे साताऱ्याच्या एक काकू बसायच्या. ब्लाउज शिवायच्या आणि मशीनवर भरतकाम करायच्या. मी झेंड्याचा फोटो पाठवला, पण फाटलेल्या जागी काय आहे ते त्यांना दिसेना, म्हणून फोनवर समजावलं.

"काकू, वर तटबंदी आहे. तिला चार बुरूज. चारच हं, पाच नकोत."

"अगं, मला साताऱ्याच्या बाईला तू किल्ला समजावतेस? आमच्या मुलाने दिवाळीला बॅकयार्डमध्ये केलेला तो कुणी केला होता? मीच! चार बुरूज ना? डन. काळजी नको करूस."

परेडच्या आदल्या दिवशी प्राची ड्राइव्ह करून झेंडा घेऊन आली. आम्ही तो वरच्या खोलीत पलंगावर पसरला. साटिन झकास होतं. चौकोन बरोबर. चेस्टनटच्या झाडाला पानांच्या जागी पैठणीवरच्या कोयऱ्या लागल्या होत्या, पण ते चालण्यासारखं होतं. चावी छान. नदीला जरीची किनार. बुरूज मोजून चार.

आणि दुसऱ्या बुरुजावर, दिमाखात, दोन टोकांचा भगवा.

"अरे बाप्पा," प्राची म्हणाली आणि मटकन पलंगावर बसली.

मी काकूंना फोन लावला. "काकू, हा भगवा कुठून आला?"

"अगं, बोडका दिसत होता किल्ला! बुरूज आहेत आणि वर झेंडा नाही, हे कसलं? ओसाड वाटतं. कुणी राहत नाही का तिथे?"

मी फोन ठेवला. उसवायचा म्हटलं तर साटिनला भोकं पडणार. दुसरा करायला वेळ नव्हता. पोर्तुगालच्या एका नगराच्या डोक्यावर आम्ही मराठ्यांचं निशाण चढवलं होतं, आणि तेही परेडच्या आदल्या दिवशी. प्राचीचं मत होतं की म्हाताऱ्याला दिसणार नाही. मी म्हटलं, त्यांना फाटकाचा आवाज ऐकून पोस्टमन कोणता ते कळतं.

झालंही तसंच. किल्लेदारांनी हात धुतले, चष्मा लावला आणि बोट ठेवून बुरूज मोजले. एक, दोन. बोट दुसऱ्यावर थांबलं.

"हे काय?"

खोटं बोलता आलं असतं. धागा चुकला म्हणून सांगता आलं असतं. पण त्या माणसाशी बुरुजांच्या बाबतीत खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. मी सगळं सांगितलं. आमच्याकडची मुलं दिवाळीत मातीचे किल्ले करतात, किल्ला झाला की वर हा झेंडा लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि काकूंना वाटलं की झेंडा नसलेला किल्ला म्हणजे आत कुणी राहत नाही.

त्यांचं बोट तिथेच होतं.

"असं म्हणाली ती बाई? कुणी राहत नाही?"

"हो."

"चार बुरूज," ते हळूच म्हणाले. ते काकूंना होते. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "आणि हा झेंडा कुणाचा?"

"आमचा," मी म्हटलं. "मराठ्यांचा."

"म्हणजे माझाही किल्ला घेतलात."

"तसं दिसतंय खरं."

"घंटेसकट?"

"घंटा दारालाच आहे," प्राची म्हणाली. "आम्ही हात नाही लावला."

किल्लेदारांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि मग खरंच थोडं रडले. आम्ही दोघी शहाण्यासारख्या खिडकीबाहेर बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी परेडमध्ये सगळ्यात पुढे प्रेसिडेंट, आठ फाकींचा झेंडा घेऊन. मग बँड, मग नाचणाऱ्या मुली, मग फायर ट्रक. फायर ट्रकच्याही मागे काळा सूट घातलेले किल्लेदार, आणि त्यांच्या दोन बाजूंना सलवार-कमीझ घातलेल्या आम्ही दोघी. रस्त्याच्या कडेचे लोक आमच्याकडे बघून टाळ्या वाजवायचे की नाही या विचारात पडत होते. किल्लेदार कुणाकडे बघत नव्हते. काठी छातीशी धरून, हनुवटी वर करून चालले होते.

स्टेजवर मेयरबाई उभ्या होत्या. तरुण होत्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. आमचा झेंडा समोरून जाताना त्यांचं हसू थांबलं. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या. मागे कुणी नव्हतंच, त्यामुळे थांबायला अडचण नव्हती. प्रेसिडेंट धावत आला. त्यांचं जे काय बोलणं झालं ते नंतर त्यानेच आम्हाला इंग्रजीत सांगितलं.

मेयरबाईंनी बुरूज मोजले आणि म्हणाल्या, "तिओ, एक कमी आहे."

किल्लेदारांनी विचारलं, "शाळेत मुलं किती?"

शाळा बंद होऊन वर्षं झाली होती. शेवटच्या वर्गात त्या स्वतः होत्या. त्यांनी भगव्याकडे बोट केलं. "आणि हे?"

"आत कुणीतरी राहतं, त्याची खूण," किल्लेदार म्हणाले. "माझ्या गावात वरच्या मजल्यावर दोन पोरी राहतात. तुझ्या पाचव्या बुरुजात कोण राहतं?"

प्रेसिडेंट घामाघूम. मला वाटलं, आता झेंडा जातो. तेवढ्यात मेयरबाईंनी हात पुढे केला आणि झेंड्याचं वाऱ्याने उडणारं टोक धरलं. तशाच त्या किल्लेदारांच्या बाजूने चालायला लागल्या, रस्ता संपेपर्यंत, फायर ट्रकच्या मागे. मला भरून आलं. प्राचीला विचाराल तर ती म्हणेल की फायर ट्रकच्या धुराने डोळे चुरचुरत होते.

परतल्यावर घरापाशी गाडीतून उतरताना किल्लेदार म्हणाले, "शहरातली आहे, पण चार बुरूज."

तोच झेंडा पुढे अंगणात रोज चढत राहिला. गल्लीतल्या एका गुजराती काकांनी एकदा भगवा बघून मला विचारलं, हे घर महाराष्ट्र मंडळाचं आहे का. किल्लेदारांनी परस्पर उत्तर दिलं, "नाही. त्यांनी जिंकलेलं आहे."

डिग्री झाल्यावर मला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला नोकरी लागली. निघायच्या दिवशी मी सामान खाली आणलं आणि चावी परत द्यायला त्यांच्यापुढे उभी राहिले. इतक्या दिवसांत मी त्यांना एक गोष्ट कधी विचारली नव्हती. भीती वाटायची. त्या दिवशी विचारली.

"मला किती?"

त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "तीन."

माझं डोकंच फिरलं. कुत्र्याशी भांडणाऱ्या बाईंना तीन, प्राचीच्या गाइडला तीन, आणि मलाही तीन? झेंडा करून आणला कुणी? मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी चावी माझ्याच मुठीत दाबली.

"तीन म्हणजे खेडं," ते म्हणाले. "खेड्यातल्या माणसाला आपल्या घरी यायला कुणाला विचारावं लागत नाही. ठेव. शब्द तर तुम्ही आधीच नेलाय."

मी रडत एअरपोर्टला गेले आणि रडताना प्राचीने माझा फोटो काढला, तो तिने अजून डिलीट केलेला नाही.

गेल्या ख्रिसमसला मी पहिल्यांदा परत गेले. मुद्दाम कळवलं नव्हतं. गल्ली बर्फाने पांढरी झाली होती आणि झेंडा जागेवर होता. भगवा जरा विटला होता, पण होता. फाटक आठवणीने लावलं. पायऱ्या चढताना मनात एकच धास्ती होती, कुलूप बदललं असेल तर? चावी घातली, फिरवली. दार उघडलं. घंटा खणकली.

आतून, स्वयंपाकघरातून, दमलेला आणि संशयी आवाज आला, "कोण?"

"मराठे," मी म्हटलं.

आत भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग किल्लेदार म्हणाले,

"पुन्हा?"